आधी पोचायचं, मग जिंकायचं



मनालीजवळच्या सोलंगला किंवा गुलमर्गला जाऊन आलेल्या घरांत एक फोटो हमखास सापडतो. भाड्याचा फुगीर कोट, पायांत गमबूट, आणि पुढे दोन स्की व मागे रबरी पट्टा असलेल्या एका घरघरणाऱ्या गाडीवर बसलेले काका-काकू. तिथे तिला 'स्नो स्कूटर' म्हणतात. घासाघीस करून ठरवलेले पैसे, पाच मिनिटांची फेरी, एक फोटो, की झालं. या गाडीचं खरं नाव स्नोमोबाईल. हीच गाडी घेऊन माणसं उणे ४० अंशांच्या थंडीत तीन हजार किलोमीटरहून लांब शर्यतीत उतरतात, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. या महिन्यात त्या शर्यतीची गोष्ट.

आधी एक फरक सांगते. स्नोमोबाईलच्या शर्यती बऱ्याच प्रकारच्या असतात. गोल धावपट्टीवर गरगर फिरायची एक. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ईगल रिव्हर गावी ती १९६४ पासून चालत आली आहे. उंचवटे बांधून त्यांवरून उड्या मारायची दुसरी, टीव्हीवर दिसते ती. आणि तिसरी क्रॉस-कंट्री. गोठलेल्या नद्या, तळी, जंगल, रस्त्याकडेचे चर असं सगळं ओलांडत एका गावाहून दुसऱ्या गावी जायचं. पहिल्या दोन प्रकारांत कोण सर्वांत वेगवान, हा प्रश्न असतो. तिसऱ्यात आधीचा प्रश्न असा, की कोण पोचतंय?

हा प्रश्न शर्यतीच्याही आधीचा आहे. मुळात ही गाडीच त्या प्रश्नातून जन्माला आली.

एक गॅरेज, एक बाप

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात व्हॅलकोर नावाचं छोटं गाव आहे. तिथे जोसेफ-आर्मां बोंबार्डिए या तरुणाचं गॅरेज होतं. पोराला लहानपणापासून यंत्रांचं वेड. १९२२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, जुन्या फोर्ड मोटारीचं इंजिन आणि लाकडी पंखा जोडून त्याने बर्फावर चालणारी एक गाडी बनवली होती. पंखा उघडाच गरगरत होता, म्हणून वडिलांनी ती लगेच मोडायला लावली. कुठल्याही वडिलांनी हेच केलं असतं.

पुढे लग्न झालं, मुलं झाली. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हाँ आजारी पडला. पोटात संसर्ग पसरला होता, तातडीने ऑपरेशन हवं होतं. दवाखाना पन्नासेक किलोमीटरवर, आणि रस्ते बर्फाखाली गाडले गेलेले. मूल दवाखान्यापर्यंत पोचलंच नाही.

आपल्या खानापूरच्या जंगलपट्टीतल्या माणसांना ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही. पावसाळ्यात वाट तुटली की तिथे आजही आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं. तिकडे बर्फ, इकडे पाणी, एवढाच फरक.

बोंबार्डिएने त्यानंतर दातेरी चाक आणि त्यावर फिरणारा पट्टा अशी रचना तयार केली. १९३७ साली त्याला तिचं पेटंट मिळालं. आधी सात माणसं बसतील अशी गाडी निघाली, मग बारा जणांची. गिऱ्हाइकं कोण? डॉक्टर, टपालखातं, शाळेची मुलं नेणारे. १९४८ साली क्वेबेक सरकारने गावागावांतले रस्ते बर्फ काढून मोकळे ठेवायचा कायदा केला आणि या मोठ्या गाड्यांची विक्री ढासळली. तेव्हा तो लहान गाडीच्या मागे लागला. हलकी इंजिनं मिळू लागली होती. १९५९ साली एका-दोघांना नेणारी छोटी गाडी बाजारात आली. नाव द्यायचं होतं 'स्की-डॉग', कारण कुत्र्यांच्या घसरगाडीची जागा ती घेणार होती. छपाईत 'स्की-डू' झालं आणि तेच राहिलं, असं सांगतात. पहिल्या हंगामात २२५ गाड्या खपल्या.

उद्यमबागेत शोभेल असा कारखाना

त्याच सुमाराला अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, कॅनडाच्या हद्दीला लागून असलेल्या रोझो गावात दुसरी गोष्ट घडत होती. सीमाभागातलंच गाव म्हणा! वस्ती आजही तीन हजारांच्या आत. तिथे एडगर आणि ॲलन हेटीन हे भाऊ आणि त्यांचा मित्र डेव्हिड जॉन्सन यांचा शेतीची अवजारं बनवायचा कारखाना होता. आपल्या उद्यमबागेतल्या एखाद्या शेडसारखा: वेल्डिंग, लेथ, आणि गिऱ्हाईक सांगेल ते करून द्यायची तयारी.

एडगर बाहेरगावी असताना जॉन्सन आणि मंडळींनी पडलेल्या सामानातून बर्फावर चालणारं यंत्र जोडलं. धान्य वर चढवायच्या कन्व्हेअरचा पट्टा मागे, जुन्या शेवर्ले मोटारीच्या बंपरच्या पट्ट्या वाकवून पुढे स्की. एडगर परत आला आणि हा रिकामा उद्योग पाहून खवळला. पण कामगारांचा पगार द्यायला पैसे हवे होते, म्हणून १९५६ साली ते यंत्र ४६५ डॉलरला विकलं. तीच पोलारिस कंपनीची पहिली स्नोमोबाईल.

पुढची गंमत ऐका. हे यंत्र खेळणं नाही हे लोकांना पटवायला १९६० च्या मार्चमध्ये एडगर तीन सोबत्यांसह अलास्कात गेला. बेथेल ते फेअरबँक्स, हजार मैलांहून जास्त अंतर त्यांनी या गाड्यांवरून पार केलं. परतल्यावर कारखान्यातल्या मंडळींनी कौतुक करायचं सोडून नाराजी दाखवली: इतका खर्च, इतका वेळ, कशासाठी? एडगरने कंपनी सोडली आणि शंभरेक किलोमीटरवरच्या थीफ रिव्हर फॉल्स गावात नवा कारखाना काढला. तो पुढे आर्क्टिक कॅट झाला. म्हणजे पुढची पन्नास वर्षं बर्फात एकमेकींच्या उरावर बसलेल्या दोन कंपन्या एकाच माणसाच्या हातून उभ्या राहिल्या. एकीत तो स्वतः, दुसरीत सख्खा भाऊ.

कुत्र्यांच्या वाटेवर इंजिनं

मिनेसोटाची राजधानी सेंट पॉल. १८८५ साली न्यूयॉर्कच्या एका वार्ताहराने लिहिलं, की हे शहर म्हणजे दुसरा सायबेरिया, हिवाळ्यात माणसाने राहायच्या लायकीचं नाही. गावकऱ्यांना राग आला आणि उत्तर म्हणून १८८६ पासून त्यांनी भर थंडीत जत्राच भरवायला सुरुवात केली. तो विंटर कार्निव्हल आजही भरतो.

या जत्रेसाठी १९१७ साली कॅनडातल्या विनिपेगहून सेंट पॉलपर्यंत कुत्र्यांच्या घसरगाड्यांची शर्यत झाली होती. अंतर ५०० मैलांच्या वर, म्हणजे आठशे किलोमीटरहून जास्त. पहिला आला अल्बर्ट कॅम्पबेल. पण लोकांनी डोक्यावर घेतलं ते फ्रेड हार्टमन याला. त्याचा पुढारी कुत्रा सुरुवातीलाच मेला होता, तरी तो धडपडत, सगळ्यांच्या शेवटी का होईना, सेंट पॉलला पोचला.

जवळजवळ पन्नास वर्षांनी, १९६६ मध्ये, याच दोन शहरांच्या दरम्यान स्नोमोबाईलची शर्यत सुरू झाली. आय-५०० म्हणजे इंटरनॅशनल ५०० असं तिचं नाव पडलं. क्रॉस-कंट्री शर्यतींच्या इतिहासातलं हे मानाचं पान. एकाच वेळी सगळे सुटत नाहीत; ठरावीक अंतराने एकेक जण निघतो, रोजचा टप्पा ठरलेला असतो आणि सगळ्या दिवसांचा वेळ मिळवून निकाल लागतो. वाट बरीचशी हमरस्त्याच्या कडेच्या चरांतून जायची. त्या चरात दर थोड्या अंतरावर कुणाच्या तरी शेताकडे जाणारा रस्ता आडवा येतो, खाली मोरी असते, आणि वर साचलेल्या बर्फामुळे समोर काय आहे ते दिसत नाही. ताशी शंभर किलोमीटरने जाताना असा प्रत्येक आडवा रस्ता म्हणजे एक उडी. तीही शेकडो वेळा, तीन-चार दिवस.

त्याच काळात मिनेसोटाचाच राल्फ प्लेस्टेड नावाचा विमा एजंट या गाड्यांची फार स्तुती करायचा. त्याचा एक डॉक्टर मित्र वैतागून म्हणाला, इतकी भारी गाडी आहे तर उत्तर ध्रुवावरच घेऊन जा ना! १९६७ साली पहिला प्रयत्न फसला. १९६८ साली तो पुन्हा निघाला आणि ४३ दिवसांनी, एप्रिलमध्ये, खरोखर उत्तर ध्रुवावर पोचला. अमेरिकी हवाई दलाच्या विमानाने वरून जागा तपासून खात्री केली. गोठलेल्या समुद्रावरून ध्रुवापर्यंत पोचल्याचा ज्यावर वाद नाही असा हा पहिला प्रवास मानला जातो. सोबतच्या तिघांत एक होता जाँ-लुक बोंबार्डिए, व्हॅलकोरच्या त्या आर्मांचा पुतण्या. आर्मां स्वतः १९६४ मध्येच वारला होता.

बेल्ट, प्लग आणि शॉकॲब्सॉर्बर

आता थोडं यंत्राबद्दल. बी.ई. केलंय तर तेवढा हक्क मला असावा.

स्नोमोबाईलच्या आत डोकावलं तर आपल्या पिढीला बरंच ओळखीचं दिसेल. बहुतेक गाड्या टू-स्ट्रोक, म्हणजे बाबांच्या चेतकसारख्या किंवा मामाच्या यामाहा आर-एक्स १०० सारख्या. गिअर पायाने बदलायचे नाहीत. कायनेटिक होंडात होता आणि आज ॲक्टिव्हात आहे तसा रबरी बेल्ट वेग वाढेल तसा आपोआप पुलीवर सरकतो. म्हणजे दुखणीही तीच. प्लग ओला होणार, बेल्ट तापून तुटणार. फरक इतकाच की चेतक बंद पडली तर ती तिरकी करून, दोन किका मारून, नाहीतर ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत नेता येते. तिथे कोपरा नसतो. म्हणून क्रॉस-कंट्रीचा स्वार जादा बेल्ट, प्लग आणि पाने सोबत बाळगतो आणि बेल्ट बदलायचा सराव करून ठेवतो. हातमोजा काढला की बोटं काही मिनिटांतच बधिर होतात.

गोल धावपट्टीवर अवघी काही मिनिटं सर्व ताकदीने पळणारं इंजिन चालतं. तिथे जिंकलेली गाडी आठशे किलोमीटर टिकेल याची मुळीच खात्री नाही. हे माझ्या कामातही रोज दिसतं. ऑफिसातल्या टेस्ट सर्व्हरवर सुरळीत चालणारा प्रोग्राम खऱ्या गिऱ्हाइकाकडे, खऱ्या गर्दीत आणि खऱ्या गचाळ नेटवर्कवर गेला की त्याचे रंग कळतात. रोझो आणि थीफ रिव्हर फॉल्सच्या कारखान्यांना ही तपासणी दारातच मिळाली होती. रविवारी शर्यतीत जे मोडलं, ते सोमवारी इंजिनिअरच्या टेबलावर.

याचं सर्वांत मोठं फळ म्हणजे पुढचं सस्पेन्शन. जुन्या गाड्यांत पुढच्या दोन्ही स्की पाटा-स्प्रिंगवर बसवलेल्या असत. चरात आपटून स्वाराचे हात आणि कंबर खिळखिळी होत. शर्यतींत तावून सुलाखून निघाल्यावर पोलारिसने १९८० च्या सुमाराला 'इंडी' नावाचं मॉडेल सर्वांसाठी विकायला आणलं. त्यात दोन्ही स्कींना मोटारीसारखं स्वतंत्र सस्पेन्शन होतं. डावी स्की दगडावर चढली तरी उजवी जागच्या जागी. पुढे बाकीच्या कंपन्यांनाही त्याच वाटेने जावं लागलं. आज गुलमर्गला काकूंना गचके कमी बसतात, त्याचं थोडं श्रेय मिनेसोटाच्या त्या चरांना द्यायला हवं.

कंपन्यांचीही एक लांब शर्यत चालूच होती. १९७० च्या सुमाराला शंभराहून जास्त उत्पादक होते, १९७१ साली जवळपास पाच लाख गाड्या खपल्या. मग तेलाचे भाव भडकले, काही हिवाळे कोरडे गेले, आणि एकेक जण गळत गेला. १९८१ मध्ये आर्क्टिक कॅट दिवाळखोरीत निघाली, नंतर पुन्हा उभी राहिली. शेवटी टिकल्या चारच: स्की-डू, पोलारिस, आर्क्टिक कॅट आणि जपानची यामाहा. त्यातल्या यामाहानेही २०२३ मध्ये जाहीर केलं, की २०२५ च्या मॉडेलनंतर आपण थांबणार.

लोखंडी कुत्रा

आता अलास्कात जाऊ, कारण या शर्यतींतली सर्वांत दमछाक करणारी तिथे आहे.

तिथल्या रस्ते नसलेल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या कुत्र्यांच्या घसरगाड्या हाच आधार होता. १९२५ च्या जानेवारीत नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा वीस चालकांनी एकामागून एक गाड्या हाकत ६७४ मैलांवरून साडेपाच दिवसांत औषध पोचवलं. बाल्टो आणि टोगो ही कुत्र्यांची नावं तुमच्या मुलांनी कार्टूनमध्ये ऐकली असतील. पण १९६० च्या दशकात स्नोमोबाईल आली आणि काही वर्षांत गावंच्या गावं कुत्र्यांशिवाय झाली. पेट्रोलचा खर्च वाढला, पण यंत्राला उन्हाळाभर मासे खाऊ घालावे लागत नाहीत. कुत्री आणि ती वाट दोन्ही विसरली जाऊ नयेत, म्हणून जो रेडिंग्टनने १९७३ मध्ये नोमपर्यंतची इडिटारोड ही कुत्र्यांची मोठी शर्यत सुरू केली.

आणि १९८४ मध्ये, त्याच वाटेवर, ज्या यंत्राने कुत्र्यांना हटवलं त्याचीच शर्यत सुरू झाली. नाव ठेवलं 'आयर्न डॉग', लोखंडी कुत्रा. सुरुवातीला नोमपर्यंतच होती. पुढे वाढत वाढत ती दोन हजार मैलांच्या पुढे गेली.

या शर्यतीचा एक नियम मला फार आवडतो. इथे एकट्याने भाग घेता येत नाही. दोन माणसं, दोन गाड्या, एक संघ. एकजण पुढे निघून जिंकला असं होत नाही. डोंगरातली खिंड, गोठलेली युकॉन नदी, समुद्राकाठचं वादळ, या सगळ्यांत जोडीदार नजरेआड होऊ द्यायचा नाही. गार वाऱ्याने कातडी जळू नये म्हणून हे लोक गालांवर आणि नाकावर चक्क चिकटपट्टी लावतात.

२००८ सालची एक गोष्ट सांगते. टॉड पेलिन हा चार वेळचा विजेता. त्याची पत्नी सारा पेलिन तेव्हा अलास्काची गव्हर्नर होती. शेवटचे सुमारे चारशे मैल उरले असताना बर्फाखाली दडलेल्या पिंपावर त्याची गाडी आदळली, तो दूर फेकला गेला आणि त्याचा हात मोडला. जोडीदार स्कॉट डेव्हिस, जो ही शर्यत सात वेळा जिंकला आहे, त्याला सोडून पुढे गेला नाही. दोघे मिळून शेवटपर्यंत पोचले, चौथे आले. सात वेळा पहिल्या आलेल्या माणसाच्या खात्यात हा चौथा क्रमांकही मला तितकाच मोलाचा वाटतो.

कॅनडाच्या लॅब्राडोरमध्ये २००६ पासून 'केन्स क्वेस्ट' नावाची अशीच शर्यत होते. १५३४ साली जाक कार्तिए या दर्यावर्दीने तो ओसाड किनारा पाहून म्हटलं होतं, की देवाने केनला दिलेली जमीन ती हीच असावी. बायबलमधल्या त्या शापित केनवरून हे नाव. इथेही दोघांचा संघ आणि तीन हजार किलोमीटरच्या आसपास अंतर. शिवाय आखलेली वाटच नाही. ठाणी ठरलेली, मधला रस्ता आपला आपण शोधायचा. काही ठाणी तर अशा गावांत आहेत, जिथे मोटारीचा रस्ता पोचतच नाही. मूळ रहिवासी इनू आणि इन्यूट समाजाचे संघही त्यात असतात. त्यांच्यासाठी ही गाडी म्हणजे एरवीची शिकार, सरपण आणि दवाखाना.

बर्फाचं काय?

या सगळ्यात गृहीत धरलेली एक गोष्ट आता गृहीत धरता येत नाही. विनिपेग ते सेंट पॉल ही सलग वाट केव्हाच सुटली. आय-५०० आता उत्तर मिनेसोटात, बर्फाची खात्री असेल तिथे, फेऱ्यांच्या स्वरूपात होते. अलास्कात तर कुत्र्यांच्या इडिटारोडची सुरुवात २००३, २०१५, २०१७ आणि २०२५ अशी चार वेळा बर्फाअभावी उत्तरेला फेअरबँक्सला हलवावी लागली. शर्यत हलवता येते. पण नदी नीट गोठली नाही तर तीच वाट वापरून दवाखान्यात जाणाऱ्या गावाने कुठे हलायचं? आणि पेट्रोल जाळत जाणाऱ्या या गाड्यांचाही त्यात खारीचा वाटा आहेच, हे तिथले लोकही जाणतात.

आयर्न डॉग दर फेब्रुवारीत असते. प्रत्येक गाडीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र लावलेलं असतं आणि नकाशावर ठिपके सरकताना घरबसल्या दिसतात. मुलांना शेजारी घेऊन एकदा बघा. कोण पहिला आहे ते बघू नका. एखादी मागची जोडी निवडा. एक ठिपका थांबला की दुसरा किती वेळात थांबतो, तेवढं बघा.

पुढच्या महिन्यात भेटूच.